दुष्काळातल्या पोरींची बायबलशाळा
केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विहिरी, बागा आणि छापखान्याच्या सोबतीने उभ्या राहिलेल्या एका प्रशिक्षणाची हकीकत

अंतरवाली सराटीत मोसंबीच्या डिंक्या रोगावर बैठक होती. खोडाला बोर्डो पेस्ट कशी लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, भांडे लोखंडाचे नको, हे सगळे सांगून झाले. चहा आला. तेवढ्यात कडेला बसलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "साहेब, आजवर लई प्रशिक्षणं बघितली. शिकून आलेला माणूस गावात दुसऱ्याला शिकवतो का, तेवढं सांगा."

२०२३ च्या उपोषणापासून अंतरवाली सराटी म्हटले की महाराष्ट्राला आंदोलन आठवते. पण गावातले रोजचे प्रश्न हे असे असतात, आणि त्यांना उत्तर देताना आमच्यासारख्यांची पंचाईत होते. आमच्या खात्याच्या नावातच 'विस्तार' आहे. विस्तार म्हणजे एकाने शिकायचे आणि दहांना सांगायचे. प्रत्यक्षात शिकलेला माणूस बऱ्याच वेळा सही करतो, भत्ता घेतो आणि घरी जातो.

त्या दिवशी मला केडगाव आठवले. नगरजवळचे केडगाव नव्हे, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड रेल्वेवरचे. कांदा बाजार आणि गुऱ्हाळे यांच्यासाठी आपले शेतकरी ते ओळखतात. दत्तभक्तांना नारायण महाराजांचे बेट केडगाव माहीत असते. याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे दुष्काळातून आलेल्या मुलींना बायबल शिकवून खेड्यापाड्यांत पाठवण्याचे काम चालले आणि जगाच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात त्या जागेचे नाव लिहिले गेले. शेतकऱ्यांच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पुढे वाचल्यावर कळेल. त्या शाळेची सुरुवातच जमीन, विहीर आणि दुष्काळ यांतून झालेली आहे.

आधी 'पेंटेकॉस्ट' म्हणजे काय

आपल्याकडे हा शब्द फारसा कानावर येत नाही. मूळ शब्द ग्रीक आहे, अर्थ 'पन्नासावा'. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणापासून पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या सुगीचा सण यायचा. नवे धान्य देवापुढे ठेवायचे. आपल्याकडे नवान्न करतात तसेच म्हणा. येशूनंतर त्याच सणाच्या दिवशी यरुशलेमात जमलेल्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, असे बायबलातील प्रेषितांच्या पुस्तकात आहे. तोच अनुभव आजही येतो, साध्या माणसालाही येतो, त्याला पदवी किंवा पाद्रीपण लागत नाही, असे मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांना पेंटेकॉस्टल म्हणतात. मोठ्याने, सगळ्यांनी एकदम प्रार्थना करणे ही त्यांची ओळखीची खूण. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातल्या अझुसा रस्त्यावर १९०६ साली सुरू झालेल्या सभा या चळवळीचा उगम म्हणून सांगितल्या जातात. केडगावचा प्रकार त्याच्या आदल्या वर्षीचा, १९०५ चा आहे. ती काही अमेरिकेहून आणलेली कलमे नव्हती, इथल्याच मातीत रुजलेले बी होते, हे आता अभ्यासकही मान्य करतात.

जालन्याला हा विषय अगदीच परका नाही. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले गृहस्थ १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, स्कॉटलंडच्या मिशनचे पाद्री झाले आणि पुढे जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वस्तीच वसवली. बेथेल म्हणजे देवाचे घर. मांग आणि महार समाजातली कुटुंबे तिथे राहिली, शिकली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हे जालन्याचे पाद्री पागोटे बांधून बोलले होते. म्हणजे जमीन, शाळा आणि धर्मशिक्षण यांची मोट बांधण्याचा प्रयत्न केडगावच्या आधी आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. मात्र बेथेलचे मिशन स्कॉच मंडळीचे होते, पेंटेकॉस्टल नव्हे. आणि तिथे पुढाकार पुरुषांचा होता. केडगावात तो बायकांचा होता, त्यातही ज्यांना घरात आणि गावात कुणीच विचारत नव्हते अशा बायकांचा.

भूक पाहिलेली बाई

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. पुराण सांगत गावोगाव फिरणे हीच उपजीविका. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात घरातली पुंजी संपली. भीक मागायची लाज, मजुरीची सवय नाही. आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिघे काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास जगले. दोघे पायी देशभर फिरले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. १८८० साली बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी लग्न झाले, १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ साली पती पटकीने गेले. विशीत वैधव्य आले.

त्यानंतरचे बरेच वाचकांना माहीत असेल. पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ साली इंग्लंड, तिथे वाँटेज गावी बाप्तिस्मा, मग अमेरिका, तिथे व्याख्याने, पुस्तक, निधी. १८८९ साली मुंबईत चौपाटीवर शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धोंडो केशव कर्वे यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकलेल्या. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केले जाते म्हणून गहजब झाला, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. त्या वादात कोण बरोबर होते यावर आजही दोन मते आहेत. आईबापांचा राग मला समजतो. पण काढून नेलेल्या विधवा पोरींना घरी काय वाट्याला आले, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी फारसे विचारले नाही, हेही खरे.

शंभर एकर आणि दोन विहिरी

आता आपल्या विषयाचा भाग. अमेरिकेतल्या मंडळींनी शारदा सदनाला दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. दहा वर्षांनी काय? रमाबाईंनी हिशोब केला की, संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे. म्हणून केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. रेल्वे जवळ, जमीन मात्र हलकी, बरीचशी पडीक. विहिरी खोदल्या, संत्री, लिंबू, आंबा लावला. फळबागेच्या पैशावर सदन चालवायचे, हा बेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका विधवेने फळबागेवर संस्था उभी करायचे ठरवले, हे मोसंबीवाल्या जालना-अंबडकरांनी लक्षात घेण्यासारखे आहे. फळबाग म्हणजे पाच-सात वर्षांची वाट पाहणे. तेवढा धीर त्यांच्याकडे होता.

पण बाग फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली-बायका रस्त्यावर आल्या. स्वतःच्या लहानपणीची भूक आठवून रमाबाई तिकडे गेल्या. तीनशेच्या आसपास मुलींना आणायचे ठरवले आणि आणलेही. पुण्यात त्या वेळी प्लेग. शहरात एवढी पोरे ठेवायला सरकारची मनाई झाली. मग केडगावच्या शेतात तंबू, झोपड्या, गवताची छप्परे. ज्या जमिनीवर बाग व्हायची तिथे वस्ती झाली. १८९८ च्या सप्टेंबरात मुक्ती सदनाच्या इमारतीचा पाया घातला गेला. १८९९-१९०० चा छप्पनिया गुजरात, राजपुतान्यात पडला, तेव्हा तिथून आणखी मुली आल्या आणि एकूण माणसे दोन हजारांच्या जवळ गेली.

दोन हजार माणसे, जनावरे आणि इमारतीचे बांधकाम, सगळे विहिरीच्या पाण्यावर. संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा आणि सकाळी पुन्हा पाणी भरलेले असायचे, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्यांनी ते देवाच्या कृपेवर घातले. माझ्यासारखा माणूस झऱ्याचा, पाझराचा विचार करील. पण १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, रात्री कोरडी पडलेली विहीर सकाळी चार हात भरलेली दिसली तर तोंडातून पहिले नाव कुणाचे निघते ते.

आलेल्या मुलींची अवस्था वाईट होती. काही आल्या आल्या दगावल्या. ज्या जगल्या त्यांतल्या अनेकींना रांगेत बसून जेवणेही जमत नव्हते. भाकर दिसली की झडप. त्यांना वळण लावायला बाहेरून पगारी माणसे किती आणणार? इथे रमाबाईंनी जे केले ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. शारदा सदनातल्या थोरल्या मुली आणि १८९७ च्या दुष्काळात आलेल्या मुली याच १९०० साली आलेल्यांच्या शिक्षिका झाल्या. तीन वर्षांपूर्वी जिला अक्षर येत नव्हते ती आता दुसरीला अक्षर गिरवून देत होती. लहान मुलींच्या टोळीवर एक थोरली मुलगी, तिच्यावर एक शिक्षिका. आमच्याकडे याला आता 'मास्टर ट्रेनर' म्हणतात आणि त्याची पुस्तिका निघते.

शिक्षण नुसते पाटी-पुस्तकाचे नव्हते. विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभते, शेतीची कामे, स्वयंपाक आणि छापखाना. अंध मुलींना ब्रेलने वाचायला शिकवले जाई. प्रत्येकीने हाताने काही तरी करायचे, हा दंडक. १८९८ साली मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई इथे आल्या. त्या आधी मुंबईत मेथॉडिस्ट मिशनमध्ये होत्या. बायबल शिकवण्याचा भार बराचसा त्यांनी उचलला.

१९०५ चा जून

१९०३ साली ऑस्ट्रेलियातल्या प्रार्थनासभांची बातमी रमाबाईंनी ऐकली आणि मनोरमा व मिनी अब्राम्स यांना तिकडे पाहायला पाठवले. आजच्या भाषेत अभ्यास दौरा. पुढे वेल्सच्या कोळसा खाणीच्या मुलखात मोठे धार्मिक जागरण झाले, त्याचीही माहिती आली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी केडगावात रोज पहाटे प्रार्थनेला बसायची सुरुवात केली. सुरुवातीला सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या.

मग रमाबाईंनी विचारले, आसपासच्या खेड्यांत जाऊन सांगायला कोण तयार आहे? शिक्षण थांबवून नव्हे, पाळीपाळीने. मुलींनी नावे दिली. त्यांचे बायबलशिक्षण आणि प्रार्थना जोरात सुरू झाली. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एक थोरली मुलगी दचकून उठली. आपल्या अंगात आग शिरली असे तिला वाटले. शेजारच्या मुलीला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या. ती पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतणार एवढ्यात तिला दिसले की पोर जळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या पुस्तकावर बोलत होत्या, तेव्हा सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस हे चालले. मुली रडून चुका कबूल करीत, चोरलेल्या वस्तू परत आणून देत, भांडण झालेलीच्या पाया पडत.

या आरडाओरड्यावर त्या वेळच्या मिशनरी मंडळींनीच टीका केली. शिस्त नाही, भावनेचा पूर आहे, असे म्हटले. रमाबाईंचे उत्तर मला मोठे मार्मिक वाटते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हिंदी माणसाला त्याच्या रीतीने देवाला आळवू द्या, विलायती गप्प बसण्याची सक्ती त्याच्यावर करू नका. आपल्याकडे कीर्तनात टाळ्या वाजतात, वारीत लोक नाचतात, त्याला कोणी बेशिस्त म्हणत नाही. रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या होत्या, हे त्यांना ठाऊक होते.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अनोळखी भाषेत बोलणे ही पवित्र आत्मा आल्याची एकमेव खूण आहे, असे अमेरिकेतले अनेक पेंटेकॉस्टल पुढे मानू लागले. केडगावातही असे बोलणे झाले, पण तेवढ्यावर माणूस तोलायचा नाही, असा मिनी अब्राम्स यांचा विचार होता. आयुष्य बदलले का, शेजाऱ्यासाठी काही केले का, हे आधी.

वर्गातून पायवाटेवर

त्या जूननंतर बायबलशाळेला खरी गती आली. काही शे मुली बायबल शिकू लागल्या आणि टोळ्या करून पाळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. आज या, उद्या त्या. एकीची पाळी झाली की ती पुन्हा वर्गात आणि शेतात. म्हणजे शिकणे आणि सांगणे वेगळे नव्हते. बांधावर आणि पाणवठ्यावर बायकांशी बोलायचे, गाणी म्हणायची, वाचून दाखवायचे. वाचता येणारी बाई हेच त्या काळी खेड्यात आश्चर्य होते. त्यातही ती आपल्यासारखीच, दुष्काळात मरता मरता वाचलेली. तिला पाहून गावच्या बाईला काय वाटत असेल, याची कल्पना करावी.

आणखी दुरूनही बोलावणी येऊ लागली. प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या टोळ्या महाराष्ट्रातल्या इतर मिशनच्या ठिकाणी गेल्या. दौंडला अल्बर्ट नॉर्टन यांचे मुलांचे अनाथगृह होते, तिथेही हे लोण पोहोचले.

याचे एक टोक तर पार दक्षिण अमेरिकेत गेले. मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली केडगावच्या अनुभवावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण चिली देशातल्या वालपराइसो या बंदराच्या गावी, विलिस हूवर या मेथॉडिस्ट पाद्रींची पत्नी होती. ते पुस्तक वाचून तिथल्या मंडळीने प्रार्थना सुरू केली, १९०९ साली तसेच जागरण झाले आणि चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या त्यातून निघाल्या. आज त्या देशात त्यांची संख्या मोठी आहे. दौंड तालुक्यातल्या एका गावची गोष्ट टपालाने समुद्रापलीकडे गेली आणि तिथे उगवली. अब्राम्स बाईंनी पुढे १९१० साली अविवाहित बायकांचे एक पथक घेऊन उत्तर प्रदेशात काम सुरू केले. १९१२ साली तिथेच त्या वारल्या.

भाषा कुणाची

खेड्यात पाठवायचे तर हातात काय द्यायचे? त्या वेळचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड होते. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडित, पण त्यांनीच ठरवले की कमी शिकलेल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत सबंध बायबल नव्याने करायचे. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणे, छपाई, पुस्तके बांधणे हे मुक्तीतल्या मुलींनीच केले. पंधरा-सोळा वर्षे हे काम चालले. मध्ये १९२१ साली मनोरमा गेली. आईच्या हातातले बरेच काम तीच सांभाळत होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. पुस्तक १९२४ साली बाहेर आले.

या भाषांतरावर विद्वानांनी नाके मुरडली. भाषेत गोडवा कमी, असे काहींना वाटते. असेल. पण आमच्या खात्याची पत्रके वाचताना मला ते आठवते. 'आंतरप्रवाही कीटकनाशकाची फवारणी करावी' असे आम्ही लिहितो, आणि शेतकरी दुकानदाराला विचारतो की, भाऊ, कोणतं औषध देऊ? पंडिता म्हणवणाऱ्या बाईने आपली विद्या बाजूला ठेवून बाईच्या बोलीत लिहायला घेतले. एवढे आम्हा डिप्लोमावाल्यांना जमायला हरकत नसावी.

आपल्या बाजूचा एक दुवाही सांगतो. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात. त्याच राज्यातल्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, १९१२-१३ च्या सुमारास मुक्तीची एक शाळा काढली गेली आणि मनोरमाबाईंनी ती चालवली. केडगाव भरले म्हणून तिथेच माड्या चढवत न बसता जिथे शाळा नाही तिथे जायचे, ही त्यामागची दृष्टी.

वाढ झाली, पण कोणत्या दिशेने

रमाबाईंच्या मागे मुक्ती मिशन बंद पडले नाही. आजही केडगावला त्याचे काम चालू आहे. मुलींना आसरा, शाळा, दवाखाना आहे. १९८९ साली रमाबाईंच्या नावाने पोस्टाचे तिकीट निघाले. मात्र त्यांच्यानंतर बराच काळ कारभार परदेशी मिशनरी बायकांच्या हाती राहिला. रमाबाईंनी थोरल्या मुलींना धाकट्यांच्या शिक्षिका केले खरे. संस्थेच्या खुर्चीवर त्यांतली कोणी लगेच बसली नाही. ही उणीव मला खटकते. ज्या शेकडो जणी उन्हातान्हात गावे फिरल्या, त्यांची नावेही बहुतेक इतिहासांत सापडत नाहीत. पाद्र्यांची सापडतात, मिनी अब्राम्स यांचे सापडते, चिलीच्या हूवरांचेही सापडते.

महाराष्ट्रातले ख्रिस्ती धर्मशिक्षण पुढे मोठे झाले, पण वेगळ्या वाटेने. उदाहरण यवतमाळचे. कापसाच्या मुलखात फ्री मेथॉडिस्ट मिशनची एक मराठी बायबलशाळा होती. १९५३ साली अनेक मंडळ्यांनी मिळून तिचे युनियन बिब्लिकल सेमिनरी केले. देशभरातून विद्यार्थी येऊ लागले, शिक्षण इंग्रजीत झाले, पदव्या मिळू लागल्या. १९८३ साली सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीत गेली. ती पेंटेकॉस्टल संस्था नाही, सगळ्या मंडळ्यांची आहे, आणि तिचा नावलौकिक चांगला आहे. परंतु मराठी शाळेची इंग्रजी सेमिनरी, यवतमाळचे पुणे आणि बायबलशाळेची पदवी असा हा प्रवास पाहिला की आपल्या ओळखीच्या किती संस्था आठवतात! आमच्या कृषी शाळांचेही तेच. डिप्लोमा झालेला पोरगा डिग्रीकडे बघतो, डिग्रीवाला स्पर्धा परीक्षेकडे. त्याला दोष कसा द्यायचा, मी स्वतः पगारावर आहे.

दुसरीकडे मराठवाड्यातल्या खेड्यांत आज ज्या लहान पेंटेकॉस्टल मंडळ्या दिसतात, पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी जमणाऱ्या, त्यांचे पाद्री बहुतेक वेळा आठवडाभर मजुरी, दुकान किंवा शेती करणारे असतात. थोड्या दिवसांचे शिक्षण घेऊन आलेले. त्यांना कोणी मोठे सेमिनरीवाले म्हणत नाही, पण लोकांच्या घरात आजारपण आले की तेच रात्री येतात. गावात यावरून कुरबुरीही होतात. धर्मांतराच्या आरोपांच्या बातम्या येतात. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक या मंडळींना त्या हाताळाव्या लागतात. हा माणूस कुठून आला, काय शिकला, कुणाच्या परंपरेत बसतो हे माहीत असेल तर अधिकाऱ्याचा निम्मा त्रास कमी होतो. ऐकीव गोष्टींवर पंचनामा होत नाही. सक्ती किंवा फसवणूक असेल तर कायदा आहे. नसेल तर प्रार्थना करणे हा त्याचा हक्क आहे. यापलीकडे मी काही सांगणार नाही, ते माझ्या खात्याचे काम नव्हे.

केडगावच्या बाबतीतही भाबडेपणा नको. भुकेल्या पोरीला आसरा देणाऱ्याचाच धर्म तिला जवळचा वाटणार, त्यात तिची निवड किती आणि परिस्थिती किती, हा प्रश्न रमाबाईंच्या हयातीतही विचारला गेला आणि तो चुकीचा नाही. त्याचबरोबर दुसरा प्रश्नही विचारायचा. त्या दुष्काळात त्या मुलींसाठी दुसरे कोण धावले होते? सरकारी मदत केंद्रावर तरुण मुली सुरक्षित नव्हत्या, हे रमाबाईंनी तिथे जाऊन पाहिले होते आणि लिहिलेही होते.

अंतरवाली सराटीच्या त्या म्हाताऱ्यांना हे सगळे सांगायला मी पंधरा दिवसांनी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "पोरींना पाळी किती दिवसांनी यायची, गावात जायची?" मी म्हणालो, पाळीपाळीने, वर्ग न बुडवता. ते म्हणाले, "मग तसंच करा की. दर वेळी तुम्हीच कशाला बोलता?"

पुढची बैठक पोळ्यानंतर ठेवली आहे. बोर्डो मिश्रण, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, या वेळी गावच्या बचत गटातल्या दोघी जणी करून दाखवणार आहेत. मागच्या बैठकीला त्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मोरचूद आणि चुना मी पोहोचता करीन. प्लास्टिकची बादली त्यांची.